पाण्याची बाजू

आमच्या गावाचा तलाव गावापेक्षा मोठा आहे. पवनी तालुक्यात, आसगावच्या आसपास अशी गावं बरीच आहेत. आधी तलाव झाला आणि मग त्याच्या उरलेल्या जागेत माणसं बसली, असं वाटावं. तलावाची मातीची पाळ गावातल्या शेवटच्या घरापासून सुरू होते आणि पार तुडूमापर्यंत जाते. तुडूम म्हणजे पाळीतून धानाच्या बांध्यांना पाणी सोडायची जागा. गावातून निघालं की उजव्या हाताला पाणी आणि डाव्या हाताला बांध्या, म्हणजे धानाची खाचरं. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं या उजव्या-डाव्यावरच आहे.

आमचे हे, म्हणजे माझे यजमान, रोज सकाळी या पाळीवरून तुडूमापर्यंत चालत जायचे. सोबतीला समोरच्या घरचे भाऊजी, ह्यांचे लहानपणापासूनचे सोबती, आणि आणखी दोघं. सगळ्यांनी सत्तरी गाठलेली किंवा ओलांडलेली. तुडूमाजवळ एक लांबट सपाट दगड आहे. त्यावर बसायचं, खर्रा तोंडात टाकायचा, गावातल्या प्रत्येकाची यथेच्छ खेचायची आणि उन्हं तापायच्या आत परत यायचं, हा त्यांचा कार्यक्रम.

"चालले चार बुढे, तलाव राखाले," मी म्हणायची.

"आमी नाई राखला तं तुमी बाया घागरीत भरून न्यासान," हे म्हणायचे.

ह्यांच्या पायांना त्या चालण्यानं धार होती. धानाची शेती आम्ही ठेक्यानं दिलेली, बैल विकलेले, मुलगा नागपूरला. या वयाचा माणूस सकाळी कशासाठी उठतो, तर ह्यांच्याकडे उत्तर होतं. तो दगड.

मग ती महामारी आली. गावातल्या पोरांनी रस्त्यावर बोरीच्या काट्या टाकल्या. आत कुणी येऊ नये म्हणून टाकल्या होत्या, पण त्यांनी आम्हाला बाहेरही जाऊ दिलं नाही. म्हाताऱ्यांनी घराबाहेर पाऊल टाकायचं नाही, असा दम रोज दिला जायचा. मुलाचाही रोज फोन. "आई, बाबाले पाळीवर जाऊ देऊ नको." हे ओसरीत बसून पायावर पाय घासत राहायचे. चार-आठ दिवसांत त्यांनी मला एवढं भंडावून सोडलं की मीच मुलाला म्हटलं, यांचं काय करू ते सांग. तो म्हणाला, "आंगणात चाला म्हणा ना."

आमच्या आंगणाच्या मधोमध तुळशीवृंदावन आहे. सिमेंटचं, ह्यांनीच उभं केलेलं. त्यामुळे आंगणात चालायचं म्हणजे तुळशीभोवती चालायचं. आणि तुळशीभोवती चालायचं म्हणजे तुळस उजव्या हाताला ठेवून. यात ठरवण्यासारखं काही नव्हतंच. देवाला डावीकडे टाकून कोण चालतं? हे पुढे आणि मी मागे, असे आम्ही सकाळ-संध्याकाळ फिरू लागलो. मी मागे, कारण सारवणावर ह्यांचा पाय एकदा सटकला होता आणि पुन्हा पडले तर धरायला कुणी तरी हवं होतं. एरवी मला व्यायामाची हौस नाही. माझा व्यायाम चुलीपाशी होतो.

एका संध्याकाळी वाळत घातलेल्या वड्या उचलायला मी स्लॅबवर गेले. वरून शेजारपाजारची आंगणं दिसतात. समोर भाऊजी तुळशीभोवती फिरत होते. त्यांच्या पलीकडच्या आंगणात एक म्हातारी फिरत होती. तिच्याही पलीकडे कुणीतरी, मान खाली घालून. दूरपर्यंत प्रत्येक आंगणात एक तुळस आणि तिच्याभोवती एक म्हातारं माणूस, सगळे एकाच बाजूनं, एकाच संथ चालीनं. कुणी बोलत नव्हतं. कुत्रीसुद्धा गप्प होती. फक्त चपला घासल्याचा आवाज, चर्र, चर्र, सगळ्या गावातून येणारा. मी वड्यांचं ताट तिथंच ठेवून खाली आले. मला भीती वाटली होती आणि कशाची ते सांगता येत नव्हतं.

पहिल्या वर्षापेक्षा दुसऱ्या वर्षाचा उन्हाळा वाईट गेला. गावातून माणसं गेली, आणि त्यांना पोचवायलाही कुणाला जाता आलं नाही. कळायचं ते आवाजावरून. स्वयंपाक करता करता माझे कान चपलांच्या आवाजाकडे असायचे, आणि एखाद्या संध्याकाळी लक्षात यायचं की उत्तरेकडून येणारा एक आवाज आज नाही. हे सुद्धा फिरता फिरता थांबायचे, कान द्यायचे, आणि पुढे चालू लागायचे.

काट्या उठल्या, सुया टोचून झाल्या, शाळा सुरू झाल्या, तरी म्हातारी माणसं आंगणातून निघेनात. सवय झाली होती म्हणा, धाक बसला होता म्हणा. पावसाळा गेला, धान कापून झालं आणि धुकं पडायला लागलं, तेव्हा भाऊजींनी पहिला धीर केला. आदल्या दिवशी फाटकातून ओरडून सांगितलं, "उद्या मी पाळीवर जाऊन राहिलो. येतं तं ये." ह्यांना त्या दिवशी खोकला होता. मी जाऊ दिलं नाही.

भाऊजी परत आले नाहीत. पाळीच्या निम्म्या वाटेवर, पाण्याच्या कडेला सापडले. पाणी तिथं गुडघाभरसुद्धा नव्हतं. काठी वर पाळीवर पडलेली होती. चिखलात पावलं उमटली होती, आणि ज्यांनी पाहिली ते सांगत होते की ती घसरलेल्या माणसाची पावलं नव्हती. एकामागे एक, नीट, सावकाश टाकलेली, पाळीवरून तिरपी उतरत थेट पाण्यात गेलेली.

गावानं एका दिवसात निकाल लावला. पाण्यातल्या साती आसरांनी नेलं. दोन वर्षं पाळीवर कुणी गेलं नाही, कुणी नारळ दिला नाही, हिरव्या बांगड्या वाहिल्या नाहीत. त्या आता बोलावून घेऊ लागल्या. मी हसून सोडून दिलं असतं. माझं माहेर आंबागडचं, डोंगराखालचं. आम्हाला भय अस्वलाचं, पाण्याचं नाही. पण पुढच्याच आठवड्यात उरलेल्या दोघा सोबत्यांपैकी एकजण भाऊजी सापडले त्या जागी फूल ठेवायला म्हणून गेला आणि कमरेपर्यंत भिजून आला. त्याला तलावाचा ठेका घेतलेल्या मासेमारानं ओढून काढलं होतं. तो एवढंच म्हणत होता, "मी सरळच चाललो होतो. मी सरळच चाललो होतो." त्यानंतर पाळीच्या तोंडाशी बाया नारळ ठेवू लागल्या, आणि गावानं म्हाताऱ्यांना पाळ बंद केली.

आमचे हे मग बसलेच. तुळशीभोवती फिरणंही सोडलं. टीव्ही चालू असायचा आणि हे टीव्हीच्या वरच्या भिंतीकडे बघत असायचे. पाय सुजले. उठताना खाटेचा आधार लागू लागला. जेवायला बोलावलं की "ठेव तिकडे" म्हणायचे. मुलगा म्हणाला, नागपूरला घेऊन ये, मोठ्या डॉक्टरला दाखवू. डॉक्टरनं रक्त तपासलं, सगळं ठीक आहे म्हणाला, गोळ्या दिल्या, आणि आम्ही गावी परतलो. माझ्या डोळ्यांसमोर माणूस विझत चालला होता आणि कागदावर सगळं ठीक होतं. एकदा रात्रीचं ताट उचलताना ते म्हणाले, "मले एकडाव त्या गोट्यावर बसव. मंग मेलो तं चालते." मला राग आला. मेलो तर चालतं म्हणे! कुणाला चालतं?

दुसऱ्याच दिवशी सकाळी मी त्यांना पाळीवर घेऊन निघाले. धुकं इतकं दाट होतं की गावातल्या कुणाला दिसलो नसतो. मला तेच हवं होतं. नारळांच्या रांगेजवळून जाताना हे क्षणभर थांबले. मी म्हटलं, "चाला जी. आसरा तुमाले नेऊन करतीन काय? भाकरी तं मलेच थापा लागते." ते हसले नाहीत, पण चालले.

थोडंच अंतर गेलो. पाण्यावरून वाफेसारखं धुकं वर येत होतं आणि पलीकडचा काठ नव्हताच. मी डाव्या बाजूला होते. बोलता बोलता आमच्यात अंतर पडलं. बघते तर हे पाळीच्या उजव्या कडेला पोचलेले. मी हाक मारली. त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं, पाय मात्र चालतच होते, उतरणीवर, पाण्याकडे. त्यांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. ना भीती, ना घाई. मी धावले आणि सदरा धरून मागे ओढलं.

"कोटी चालले होते?"

"मी थोडीच जाऊन राहिलो," ते म्हणाले. "पायच जाऊन राहिले."

डोंगराखालची असले तरी त्या क्षणी मी मनातल्या मनात आसरांना नारळ बोलले, हे कबूल करते. हात घट्ट धरून त्यांना मागे फिरवलं आणि घराकडे निघालो. आता पाणी डाव्या हाताला होतं. मी त्यांच्या आणि पाण्याच्या मधे राहून चालले आणि सगळा जीव पाण्याच्या बाजूला लावून ठेवला. आणि हे माझ्यापासून दूर, दुसऱ्या बाजूला जाऊ लागले. बांध्यांकडे. दोनदा मी त्यांना शेताच्या उतरणीवरून वर ओढलं. दुसऱ्यांदा माझं डोकं ठिकाणावर आलं. आसरा पाण्यात बोलावतात, हे एक वेळ धरून चालू. बांधीत त्यांचं काय काम? रोवणीला मजूर मिळत नाहीत हे खरं, पण म्हणून आसरांनी म्हाताऱ्यांना लावावं, हे पटण्यासारखं नव्हतं.

जाताना उजवीकडे. येतानाही उजवीकडे. दिवसभर ते माझ्या डोक्यात घोळत राहिलं.

संध्याकाळी तुळशीपुढे दिवा लावायला गेले आणि वाकल्यावर जमीन दिसली. तुळशीभोवती सारवण झिजून गोल वाट पडली होती. मीच दर आठवड्याला ती लिंपायची आणि ती पुन्हा उघडी पडायची. ओसरीतून ह्यांच्या चपला आणल्या. डाव्या चपलेची बाहेरची कड पार झिजून गेली होती, उजवीची शाबूत होती. दोन वर्षं हा माणूस फक्त उजवीकडे वळला होता. भाऊजीही. तो भिजून आलेलाही. गावातला प्रत्येक म्हातारा. स्लॅबवरून दिसलेलं सगळं मला पुन्हा दिसलं आणि तेव्हा भीती कशाची वाटली होती ते कळलं. आम्ही तुळशीला उजवी प्रदक्षिणा घातली होती आणि तिनं आमचे पाय ठेवून घेतले होते.

उपाय सोपा होता. जेवढं उजवीकडून फिरले तेवढं डावीकडून फिरायचं. मी ह्यांना सांगितलं. ते कितीतरी दिवसांनी ताठ बसले, पण रागानं.

"जित्तेपणी उलटे फेरे? सरणाले मारतेत उलटे फेरे. तू मायावर मडका फोडाले निंगाली का वं?"

खरं सांगायचं तर माझीही जीभ रेटत नव्हती. मी स्वतः एकटी, कुणी बघत नसताना, एक पाऊल उलटं टाकून पाहिलं आणि चटका बसल्यासारखा पाय मागे घेतला.

खळ्याची आठवण मला भांडी घासताना झाली. आमच्या शेतात, पाळीच्या खालीच, जुनं खळं आहे. आता मळणी यंत्रानं होते, पण पूर्वी धान खळ्यावर पसरायचे, मधोमध मेढ, म्हणजे लाकडी खांब रोवायचे, आणि तिला बैलांची पात जुंपून धान तुडवायचे. म्हातारा, सावकाश चालणारा बैल मेढीजवळ, कारण त्याला कमी चालावं लागतं. आणि आमच्याकडे बैल मेढ डाव्या हाताला ठेवून फिरवतात. हे उभा जन्म त्या बैलांमागे फिरले होते. यंत्र आलं, बैल गेले, मेढ मात्र कुणी उपटली नव्हती.

"चाला, मेढ उपटून सरपणाले आणू," असं खोटंच सांगून मी त्यांना खळ्यावर नेलं. धान निघून गेलेलं, चहूकडे सुकी धसकटं, आणि मधे तो काळा पडलेला खांब. ह्यांनी मेढीवर हात ठेवला. मी म्हटलं, "उपटाच्या आधी एक फेरा मारा. शेवटचा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना कळलं होतं, मी काय करते आहे ते. पण खळ्याला उलटं-सुलटं नसतं. ते चालू लागले, मेढ डाव्या हाताला ठेवून. आधी पाय अडखळले. मग तोंडातून "होऽ, होऽ" असा आवाज आला, बैलांना घालतात तो. हात वर झाला, त्यात बैल हाकायची, नसलेली तुतारी. थोडं गेल्यावर ते झटकन पुढे वाकले आणि दोन्ही ओंजळी पुढे केल्या. बैल शेण टाकायला लागला की ते धानावर पडू नये म्हणून हातांत झेलतात. त्यांनी ते झेललं, खळ्याबाहेर टाकलं, हात धसकटांना पुसले आणि पुन्हा चालू लागले.

मी धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बसून बघत होते. तिथं बैल नव्हते, हे मला माहीत आहे. मी घुंगरं ऐकली असं म्हणणार नाही. पण मेढीजवळची माती ह्यांच्या पावलांपासून लांब होती आणि तिथूनही थोडी धूळ उठत होती. वारा असेल. दूरच्या पांदणीतून एक गुराखी गुरं घेऊन चालला होता. तो थांबला, बघितलं, आणि गुरं घाईनं हाकत निघून गेला. संध्याकाळपर्यंत गावात झालं की बुढ्याला लागिर झालं.

त्यानंतर आम्ही रोज खळ्यावर गेलो. मी धुऱ्यावर पाण्याची बाटली धरून बसायची, हे फिरायचे. सूज उतरली. एक दिवस भाकरी वाढताना ते म्हणाले, "आणखी वाढ." मी चुलीकडे तोंड करून रडले आणि धुराचं निमित्त केलं.

सरळ चालता येतंय असं वाटलं त्या दिवशी आम्ही पुन्हा पाळीवर गेलो. धुकं होतंच. या वेळी मी शहाणी झाले होते. ह्यांना डावीकडे, बांध्यांच्या बाजूनं घेतलं आणि स्वतः पाण्याच्या बाजूला राहिले. ह्यांचा हात माझ्या डाव्या हातात. पाय उजवीकडे वळलेच तर मधे मी होते.

ते वळले नाहीत. उलट माझा हात डावीकडे ओढत राहिले, सारखे, जोर लावून. मी मनात म्हटलं, खळ्यावर जरा जास्तच फिरवलं वाटतं, आता दुसऱ्या बाजूला चालले. भाऊजी सापडले ती जागा आली तेव्हा त्यांनी इतका घट्ट हात धरला की बांगडी रुतली. मला वाटलं, सोबत्याची आठवण आली. धुक्यातून तुडूम दिसलं, मग तो दगड दिसला, आणि माझ्या छातीवरचा केवढा तरी भार उतरला. मी त्यांना पोचवलं होतं.

ते त्यांच्या जागी बसले. भाऊजींची जागा हातानं झाडली आणि म्हणाले, "बस वं."

मी बसले. मग त्यांनी माझ्या पायांकडे बोट दाखवलं.

माझी उजवी चप्पल नव्हती. पाऊल घोट्यापर्यंत चिखलानं माखलं होतं आणि लुगड्याचा काठ ओला होऊन पोटरीला चिकटला होता. डावा पाय कोरडा होता. ह्यांचे दोन्ही पाय कोरडे होते. मला थंड लागलं नव्हतं, चप्पल गेलेली कळली नव्हती. मी सरळच चालले होते.

"दोन वर्स मायाच मांगं फिरली ना तू," ते म्हणाले. "खळ्यावर कोटी फिरली?"

त्यांनी खिशातला रुमाल काढला, वाकले, आणि माझं पाऊल मांडीवर घेऊन पुसू लागले. पाण्याकडे बघायची मला हिंमत झाली नाही.

उन्हं आल्यावर आम्ही उठलो. परत येताना पाणी डाव्या हाताला होतं, म्हणजे माझ्या पायांचं भय बांध्यांकडे होतं आणि तिकडे पडले असते तरी मातीच लागली असती. हे त्यांनाही कळत होतं. तरी ते पाण्याच्या बाजूनंच चालले.